आखातीजेला भरलेला स्लॅब

आमच्या खानदानात एक गोष्ट आहे. लग्नकार्यात, बाराव्या-तेराव्याला, कुठेही चार म्हातारी डोकी एकत्र आली की ती निघतेच. राजेंद्र नगरच्या घराच्या स्लॅबला भेगा का पडल्या? तर मिस्तरी हरामखोर होता म्हणून. हे सांगून झालं की सगळे माझ्याकडे बघतात, कारण त्या दिवशी मिस्तरीबरोबर स्लॅबवर मी होते. शिवाय पुढे मी इंजिनियर झाले, म्हणजे माझ्या साक्षीला वजन. मी मान डोलावते. चाळीस वर्षं डोलावतेय. आता खरंच मानेचं दुखणं लागलंय आणि ज्यांना वाईट वाटेल असं वाटायचं ते सगळे वर गेलेत, म्हणून लिहून टाकते.

तेव्हा आम्ही अन्नपूर्णा मंदिराच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत भाड्याने राहायचो. पुढच्या खोलीत बाबांची सायकल, आजोबांचा फोटो आणि मी. मागच्या खोलीत आई, चूल-स्टोव्ह आणि बाकी सगळा संसार. सकाळी देवळाची घंटा, मग आईच्या कढईत मोहरी तडतडायची, मग बाबांचं सायकलीत हवा भरणं, या क्रमाने आमचा दिवस उजाडायचा. पोहे रोज. वरून शेव आणि जिरावण मसाला, आणि रविवार असला तर कोपऱ्यावरची जिलेबी. बाबा मिलमध्ये हेड क्लार्क होते. ऑफिसात म्हणे लोक त्यांना टरकून असत. घरात आम्हीही असायचो. पण त्यांचे थोरले भाऊ, आमचे अण्णाकाका, दारात दिसले की बाबांचा आवाजच बदलायचा. अण्णाकाकांनीच त्यांना लहानाचं मोठं केलं, शिकवलं, नोकरीला लावलं. त्यामुळे अण्णाकाकांनी म्हटलं आज मंगळवार, की बाबा म्हणणार मंगळवार, भले बाहेर रविवारची जिलेबी तळत असो.

राजेंद्र नगरातली सोसायटी अण्णाकाकांनीच उभी केली. मराठी लोकांची, एका ओळीत बारा घरं. अध्यक्ष तेच. बांधायला पहिलं घर आमचं घेतलं आणि मिस्तरीही त्यांनीच ठरवला: छगनजी, देपालपूरकडचा. आमचं घर नीट उठलं की ओळीतली पुढची घरंही त्यालाच द्यायची, असं बोलणं झालं होतं. छगनजी त्या भरवशावर बायकोसकट आमच्या प्लॉटच्या कोपऱ्यात पत्र्याची झोपडी टाकून राहिले होते.

त्याच दिवसांत माझी अकरावी झाली होती आणि मी पॉलिटेक्निकचा फॉर्म आणला होता. सिव्हिल डिप्लोमा. त्यावर पालकांची सही हवी होती. बाबांनी फॉर्म वाचला, घडी घातली आणि पंचांगात ठेवून दिला. "पहले स्लॅब पडू दे, मग बघू," म्हणाले. आई म्हणाली, "मुलीला काय करायचंय ईट-गारा शिकून?" अण्णाकाकांना तर अजून सांगितलंच नव्हतं. मी रोज आंघोळ झाली की पंचांग उघडून बघायची, फॉर्म आहे ना अजून. शेवटची तारीख जूनच्या आत होती आणि बाबांच्या सहीशिवाय माझं काही म्हणजे काही होणार नव्हतं. आज भंवरकुआंच्या कोचिंग क्लासेसवरून जाते तेव्हा पाठीवर बॅगा टाकून मुलींच्या झुंडी चाललेल्या दिसतात, गावोगावच्या, एकट्या राहणाऱ्या. बरं वाटतं, आणि खरं सांगू, थोडी जळतेही.

सुट्टी होती, म्हणून बाबांनी मला बांधकामावर लक्ष ठेवायला बसवलं. सिमेंटच्या गोण्यांवर नजर ठेव, एवढंच काम. पण मी गप्प बसणाऱ्यातली नाही. मी छगनजींना हे काय, ते का, असं विचारून भंडावून सोडलं. त्यांना कुणी असं विचारत नसे बहुतेक. ते थापी बाजूला ठेवायचे आणि समजावायचे. गिट्टी, म्हणजे खडी, आदल्या रात्री भिजवून ठेवायची, कोरडी असली तर ती मालातलं पाणी पिऊन टाकते. खालच्या फळ्याही भिजवायच्या. माल पातळ करायचा नाही, मजूर म्हणतील टाका पाणी, ओढायला सोपं जातं, टाकायचं नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे वारा. "धूप से उतना नी डरना बिटिया, जितना लू से," ते म्हणायचे. "माल डालने के बाद ऊपर पानी आता है, चमकता है. वो चमक गई नी कि ढाँक दो. गीली बोरी से. नी ढाँका तो फटेगा. बाद में महीना भर तराई करो, फटा हुआ नी जुड़ता."

पुढे हेच मी पुस्तकात वाचलं, इंग्रजीत, तक्त्यांसकट. ओल्या काँक्रिटमधलं पाणी सावकाश वर येतं. ऊन-वारा ते उडवतो. येतं त्याहून जास्त उडालं की वरचा थर आकसतो, आणि अजून त्याच्यात ताकद आलेली नसते, म्हणून तो फाटतो. पहिल्या दोन-चार तासांतच काय ते होऊन जातं. प्राध्यापक हे शिकवत होते तेव्हा सगळा वर्ग लिहून घेत होता. मी पेन खाली ठेवून बसले होते.

तर पोती हवी होती. छगनजींनी साठ सांगितली. बाबा म्हणाले बघू, म्हणजे नाही. मग मीच अन्नपूर्णाच्या बाजारात एकेका किराणावाल्याकडे गेले. "भिया, खाली बोरी है क्या?" करत चार दिवस फिरले. कुणी गव्हाची दिली, कुणी गुळाची, गुळाच्या पोत्यांना मुंग्या. आईने नाकं मुरडत का होईना, पण माझ्याबरोबर बसून सगळी धुतली. हात सोलवटले आमचे. साठाच्या जागी बासष्ट जमली. छगनजींनी ती बघून नुसतं "वाह बिटिया" म्हटलं. मला अजून कुठल्या सर्टिफिकेटचा तेवढा आनंद झालेला नाही.

मुहूर्त निघाला आखातीजेचा, म्हणजे अक्षय तृतीयेचा. साडेतीन मुहूर्तांतला, त्यात वेळ-काळ बघायला लागत नाही. छगनजी म्हणाले, पूरा दिन शुभ आहे तर पहाटे पाचला सुरू करू, नऊच्या आत संपवू. नाहीतर संध्याकाळी पाचनंतर. दुपारी नको, लू चालते. अण्णाकाका हसले. म्हणाले, "पितरांचे घट पुजल्याशिवाय छत भरायचं? आमच्याकडे असं नसतं." सकाळी घट पुजायचे, ब्राह्मणाला दान, मग नऊ-साडेनऊला माल, एकपर्यंत आटपायचं आणि लगेच पंगत. पहिली पंगत मजुरांची, आणि मालकाने स्वतःच्या हाताने वाढायची, हीही रीत. मी मध्ये तोंड घातलं, "काका, पण वाऱ्याने फाटतो ना स्लॅब..." अण्णाकाकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बाबांकडे बघून म्हणाले, "हिला फार बोलायला शिकवलंय तू." मी बरोबर बोलतेय हे बाबांना कळलं होतं, मी त्यांचा चेहरा बघत होते. त्यांना पूर्ण कळलं होतं.

आखातीजेला सकाळपासून धूळ उडत होती. मातीचे घट, त्यावर खरबुजं, वाळा घातलेलं पाणी, आंबे, सगळं अण्णाकाकांच्या मनासारखं झालं. साडेनऊला मिक्सर धडधडायला लागला. त्याच्या आवाजात कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं. बायका-बाप्यांची ओळ शिडीवर, तगाऱ्या वर जातायत, रिकाम्या खाली येतायत, छगनजी वर वाकून थापीने माल सारखा करतायत. मी वर एका कोपऱ्यात, ओढणी तोंडाला बांधून. साडेअकराला लू सुटली. कढईचं झाकण काढल्यावर तोंडावर वाफ यावी तशी, फक्त कोरडी. छगनजींनी वर बघितलं आणि मला म्हणाले, "बोरियाँ भिगो के ऊपर मँगवा लो बिटिया. जिधर पहले डाला है, उधर से ढाँकना चालू कर देंगे."

मी खाली धावले. पोती जिथे ठेवली होती तिथे नव्हती. प्लॉटच्या मागे शामियाना लावला होता आणि त्यात माझी बासष्ट पोती ओळीने अंथरलेली होती. पंगतीला बसायला. धुतलेली, स्वच्छ, वा! कुणीतरी त्यांच्या कडेने रांगोळीसुद्धा काढली होती.

मी बाबांना म्हटलं, "बाबा, ही पोती वर पाहिजेत. आत्ताच्या आत्ता." बाबांनी अण्णाकाकांकडे बघितलं. अण्णाकाका म्हणाले, "माणसं काय मातीत बसतील? सोसायटीची बारा घरं येतायत. जेवण होऊ दे, मग ने तुझी पोती." "काका, तासाभरात चमक जाईल..." "कसली चमक?" म्हणाले आणि हसले, आणि भोवतीचे चार जण हसले. मी दोन पोती ओढून काढली, तर बाबांनी माझं मनगट धरलं. जोरात. "तमाशा करू नकोस," एवढंच म्हणाले.

एकला शेवटची तगारी ओतली. छगनजी वरूनच ओरडत होते, "बोरी! बाबूजी, बोरी भिजवाओ!" शेजारच्या प्लॉटवाले दिघेकाका नुकतेच आले होते, त्यांनीही ते ऐकलं. अण्णाकाका स्वतः शिडीच्या तोंडाशी गेले आणि हात जोडून म्हणाले, "चलिए छगनजी, पान वाढलंय. अन्नाला नाही म्हणू नये." छगनजी म्हणाले, आधी झाकतो, मग जेवतो. अण्णाकाका तसेच हात जोडून उभे. आखातीजेच्या दिवशी, पितरांच्या नावाचं जेवण, आणि एवढा मोठा माणूस हात जोडून. छगनजी उतरले. नाही कसं म्हणणार? आमच्या लोकांची ही आदरातिथ्याची जबरदस्ती आहे ना, तिच्यासारखी दुसरी जबरदस्ती नाही. मलाही वाढायला लावलं. मुलीच्या जातीने मजुरांच्या पंगतीला आमरस वाढायचा, म्हणजे पुण्य. मी वाटी-वाटीने आमरस ओतत होते आणि छगनजी पुरणपोळीचा तुकडा हातात धरून वर बघत होते. शामियान्याचं कापड वाऱ्याने फडाफडा वाजत होतं. कणकेचे बाफले आले, डाळ आली, तूप आलं, आग्रह झाला. "अजून एक, अजून एक." छगनजींच्या अंगठ्याच्या नखात सिमेंट होतं आणि ते दुसरी वाटीही नको म्हणू शकले नाहीत.

अडीचला आम्ही वर गेलो. मी आधी, मागून छगनजी. स्लॅब पांढरट पडला होता. भेगा तिरक्या, एकामागे एक, हातभर लांबीच्या, गरम पोळीवर नखं ओढावीत तशा. जिथे सकाळी सुरुवात केली होती तिथे सगळ्यात जास्त. छगनजी गुडघ्यावर बसले आणि थापीने दाबून-ठोकून भेगा मिटवायला लागले. नंतर टाकलेला भाग थोडा ओला होता, तिथल्या मिटल्या. बाकीच्या वरून मिटल्यासारख्या दिसायच्या आणि थापी उचलली की परत. आता पोती आली. भिजवून अंथरली आम्ही, सगळी बासष्ट. पोत्यांवर पुरणाचे डाग होते. मी रडत होते. छगनजी म्हणाले, "रोने से थोड़ी भरेगा, पानी ला." मी पाणी आणलं.

आता एक गोष्ट इंजिनियर म्हणून सांगते. असल्या भेगांनी घर पडत नाही. वेळीच सिमेंटचं पाणी सोडून त्या भरल्या असत्या, वर गच्चीचा थर नीट केला असता तर निभावलं असतं. अण्णाकाका नुसतं "हो, चुकलं" म्हणाले असते तर दोन दिवसांत विषय संपला असता. पण चुकलं म्हणायची आमच्या घराण्यात रीत नाही. पितरांचे घट पुजायची आहे.

सोसायटीत कुजबुज सुरू झाली. पहिल्याच घराचा स्लॅब फुटला, तर पुढच्या अकरांचं काय? दिघेकाका तर उघडच म्हणाले, मिस्तरी बोरी-बोरी करून ओरडत होता, मी माझ्या कानाने ऐकलंय. म्हणजे दोष कुणाचा, ते सगळ्यांना दिसत होतं. अण्णाकाका आठ दिवस आमच्याकडे आले नाहीत. बाबांचं जेवण गेलं. मग एका संध्याकाळी बाबा मागच्या खोलीत आले, स्टोव्हजवळ पाटावर बसले. असे ते कधी बसत नसत. हातात पंचांग होतं.

"रविवारी सगळे प्लॉटवर येतायत," म्हणाले. "अण्णा विचारतील. तू वर होतीस छगनबरोबर. तू एवढंच म्हण, की तोच म्हणाला, संध्याकाळी झाकलं तरी चालेल, काही घाई नाही."

मी म्हटलं, "ते असं म्हणाले नाहीत. ते उलट म्हणाले."

"मला माहितीये."

मला माहितीये! इतक्या सरळ आवाजात. मग त्यांनी पंचांग उघडलं, फॉर्म काढला, गुडघ्यावर ठेवून हाताने सारखा केला. "अण्णांची इज्जत राहिली तर मी त्यांच्याशी तुझ्या कॉलेजचं बोलू शकतो. नाहीतर कुठल्या तोंडाने बोलू? तू हुशार आहेस. विचार कर."

मी आईकडे बघितलं. आई कणीक मळत होती. तिची पोत्यांनी सोलवटलेली बोटं अजून नीट बरी झाली नव्हती. मला वाटलं, ही तरी बोलेल, हिने धुतली होती ती पोती. आई म्हणाली, "म्हणून टाक ना गं. तो काय, आज इथे उद्या तिथे. तुझं तर काम होतंय." आणि तवा ठेवला. तिच्यावर माझा राग बाबांपेक्षाही जास्त आहे, अजून आहे. का ते मला सांगता येत नाही.

तीन रात्री मी झोपले नाही असं लिहायला बरं वाटलं असतं. झोपले. छान झोपले. सतरा वर्षांची होते आणि मला कॉलेजात जायचं होतं.

रविवारी सकाळी स्लॅबवर मातीचे बांध घालून पाणी साठवलेलं होतं, तराईचं, म्हणजे स्लॅब ओला ठेवायचं. सगळे कडेकडेने उभे. अण्णाकाकांनी पांढरं धोतर घोट्याच्या वर धरलं होतं. छगनजी पाण्यात अनवाणी. त्यांची बायको शिडीवर, पदर तोंडात. अण्णाकाका म्हणाले, "आता खरं काय ते या मुलीला विचारा. ती खोटं बोलणार नाही. बोल ग, मिस्तरी काय म्हणाला होता तुला?"

मी म्हटलं. शब्दन् शब्द, बाबांनी सांगितला तसा. घाई नाही, संध्याकाळी झाकलं तरी चालेल. आवाजही कापला नाही माझा. दिघेकाका म्हणाले, "अरे, पण मी तर..." आणि मग माझ्या तोंडाकडे बघून थांबले. लहान मुलगी कशाला खोटं बोलेल?

छगनजींनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्या पायांकडे बघत होते, पाण्यात ते पाय पांढरेफटक दिसत होते. मला वाटलं आता ओरडतील, शिव्या देतील. दिल्या असत्या तर किती बरं झालं असतं. मग ते बाबांकडे वळले आणि हळूच म्हणाले, "हव बाबूजी. मैंने ही बोला था. बच्ची सही बोल रही."

बस्स. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्याशानेच मान पुढे केली. ओळीतली अकरा घरं दुसऱ्या मिस्तरीला गेली. आठवड्याच्या आत पत्र्याची झोपडी उठली. कोपऱ्यात चुलीच्या तीन विटा तेवढ्या राहिल्या, त्या आईने तुळशीला लावून घेतल्या. बाबांनी त्याच रविवारी संध्याकाळी सही केली. पेन झटकून, कागदाखाली पुठ्ठा ठेवून, मिलमधल्या महत्त्वाच्या कागदांवर करायचे तशी. म्हणाले, "नीट शीक." मी त्यांच्या पाया पडले. हेही लिहायलाच पाहिजे, पडले.

शिकले मी. वर्गात दोनच मुली होतो. सरकारी नोकरी लागली, पुढे वरच्या परीक्षा दिल्या, साइटवर माझा दरारा होता. उन्हाळ्यात दुपारी माल टाकू द्यायची नाही, ओली पोती तयार दिसल्याशिवाय मिक्सर सुरू करू द्यायची नाही. ठेकेदार पाठीमागे मला "बोरीवाली मॅडम" म्हणायचे. माझ्या हाताखालच्या एका स्लॅबला तशी भेग गेली नाही. नवी पोरं विचारायची, "मॅडम, ये आपको किसने सिखाया?" मी म्हणायचे, कॉलेजात.

नोकरीच्या सातव्या-आठव्या वर्षी, मी ऑफिसात असताना, खिडकीतून मला व्हरांड्यात एक म्हातारा दिसला. बाकावर बसलेला, हातात कापडी पिशवी. खांदे वाकले होते, पण मी ओळखलं. माझ्या हाताखाली तेव्हा कामंच कामं होती, एका चिठ्ठीवर कुणालाही लावू शकत होते. प्यून आत आला. म्हणाला, छगन मिस्तरी नावाचा कुणी आलाय, भेटायचं म्हणतो. मी म्हटलं, "बोल दो, मॅडम साइट पे हैं." ते मी इतक्या चटकन म्हटलं, की प्यूनसुद्धा क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. व्हरांडा आणि माझी खोली यांच्यामध्ये नुसता पडदा होता. मी पंखा मोठा केला.

ते लगेच गेले नाहीत. दीड-दोन तास बसले. मी खिडकीकडे पाठ करून बसले, पाणी प्यायलाही उठले नाही. शेवटी प्यून चहा घेऊन आला, तेव्हा मी विचारलं, गेला का तो? काय काम मागत होता?

"काम नी माँग रहा था, मॅडम," तो म्हणाला. "बोला, सुना कि बिटिया इंजिनियर बन गई. बस देखने आया था."

मी म्हटलं, बरं. आणि चहा घेतला.